सेक्शन व्ह्यू चुकीचा दिसतो तेव्हा: एका गिअरबॉक्स ड्रॉइंगच्या दुरुस्तीची हकीकत

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाकडून एक ड्रॉइंग लाल शेऱ्यांनी भरून परत आलं. दोन टप्प्यांच्या गिअरबॉक्सची असेंब्ली, ए-वन कागद, स्केल १:२, आणि चार सेक्शन व्ह्यू, म्हणजे वस्तू मधून कापून आतलं दाखवणारी चित्रं. चौघांवरही तपासणाऱ्याची पेन्सिल फिरलेली. "बोल्टवर हॅच (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेघा) कसं?" "बेअरिंगचा खालचा बॉल कुठे आहे?" "भोक २० चं की १६ चं?" "मोटर पोकळ आहे का?" "इथे रेघ एवढी जाड का?" मूळ ड्रॉइंग करणारे दुसऱ्या प्रकल्पावर गेले होते, मॉडेल बऱ्याच हातांतून फिरलेलं होतं, आणि दुरुस्ती माझ्याकडे आली.

असं काम पहिल्यांदाच करणाऱ्याला कुठून हात घालावा हेच कळत नाही. मला तरी कळत नव्हतं. म्हणून ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात झाली ती फॉर्मपासून. ड्रॉइंग व्हॉल्टमध्ये, म्हणजे फाइलींच्या संगणकीय भांडारात, "रिलीज्ड" अवस्थेत होतं, म्हणजे वाचता येतं पण बदलता येत नाही. उघडायचं तर चेंज नोटचा, म्हणजे बदलाच्या परवानगीच्या फॉर्मचा, नंबर लागतो, आणि चेंज नोटमध्ये एक रकाना असतो: "ड्रॉइंग दुरुस्ती" की "डिझाइन बदल". पहिल्या प्रकाराला चेकरची (आमच्याच ऑफिसातल्या तपासनिसाची) एक सही पुरते. दुसऱ्याला डिझाइनप्रमुख, उत्पादन आणि खरेदी अशा सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्या मिळेपर्यंत काम थांबतं. मी सरसकट "ड्रॉइंग दुरुस्ती" लिहून टाकणार होतो, पण चेकर मॅडमनी फॉर्म परत दिला. "प्रत्येक शेऱ्यापुढे लिहा, दोष कागदावरचा आहे की मॉडेलमधला. मग सही करते."

त्या वेळी हे अडवणूक केल्यासारखं वाटलं, पण पुढचं सगळं काम त्या वर्गवारीवरच उभं राहिलं. सेक्शन व्ह्यू कोणी हाताने रेखाटलेला नसतो. सॉफ्टवेअर एका प्रतलाने मॉडेल खरोखर कापतं, पुढचा भाग बाजूला काढतं आणि उरलेलं कागदावर उतरवतं. त्यामुळे चित्र विचित्र दिसलं की तीनच जागा शोधायच्या असतात. कापलंय बरोबर, पण ड्रॉइंगच्या संकेतानुसार ते कापायला नको होतं. किंवा कापण्याची रेघ भलतीकडे गेली आहे. किंवा जे कापलं त्या मॉडेलमध्येच खोट आहे. कुठलाही पर्याय चालू-बंद करून बघण्याआधी हे ठरवावं, नाहीतर एका व्ह्यूतला दोष झाकला जातो आणि दुसऱ्यात उगवतो.

संकेताच्या खात्यातले शेरे आधी घेतले, कारण ते सोपे. बोल्ट, नट, पिना, चाव्या, रिव्हेट, भरीव शाफ्ट, बेअरिंगचे बॉल हे लांबीच्या दिशेने कापून दाखवत नाहीत. ते पूर्ण दाखवायचे, हॅच न करता. रिब म्हणजे आधाराची पातळ पट्टी, तीही लांबीतून कापली तर हॅच करत नाहीत, नाहीतर पातळ रिब असलेला भाग भरीव ठोकळ्यासारखा दिसतो. आयएसओ १२८-३ आणि भारतीय मानक ब्यूरोचं एसपी ४६, दोन्हींत हे आहे. सॉफ्टवेअरला मात्र बोल्ट म्हणजे बोल्ट हे आपोआप कळत नाही. आम्ही सॉलिडवर्क्स हे मॉडेल आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरतो. तिथे सेक्शनच्या गुणधर्मांत "सेक्शन स्कोप" नावाचा टॅब आहे. त्यात "एक्सक्लूड फास्टनर्स" निवडलं की टूलबॉक्समधून (तयार पार्टच्या लायब्ररीतून) आणलेले बोल्ट बाजूला होतात. आमचे निम्मे बोल्ट टूलबॉक्समधले नव्हते, कोणीतरी साधा पार्ट म्हणून काढलेले होते, म्हणून ते कापलेच जात होते. ते एकेक करून यादीत घातले. इन्व्हेंटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच गोष्ट ब्राउझरमधल्या पार्टवर राइट-क्लिक करून "सेक्शन पार्टिसिपेशन" मध्ये "नन" दिलं की होते.

रिबने मात्र वेळ खाल्ला. सॉलिडवर्क्स सेक्शन स्कोपमध्ये रिब वगळू देतं, पण ती "रिब" याच फीचरने (आकार घडवण्याच्या आज्ञेने) काढलेली असली तर. हाउसिंगवरच्या (गिअरबॉक्सच्या कवचावरच्या) रिबा साध्या एक्स्ट्रूडने, म्हणजे रेखाकृती ओढून जाडी देण्याच्या फीचरने, काढलेल्या होत्या, त्यामुळे यादीत त्यांचं नावच येईना. मॉडेलमध्ये जाऊन फीचर बदलता आलं असतं, आकार तसाच राहिला असता, पण हाउसिंगची फाइल बदलली म्हणजे तिचीही रिव्हिजन, नवी आवृत्ती. त्यापेक्षा कटिंग लाइनला (कापण्याच्या रेघेला) "नॉच ऑफसेट" देऊन ती रिबच्या बाजूने वळवली. आता रिब कापली जात नाही, मागे उभी दिसते. वळणाच्या जागी सेक्शनमध्ये रेघ दाखवायची नसते. काहीजण ती मुद्दाम काढतात, काढू नये.

बेअरिंगचा शेरा मला सगळ्यात आवडला. बी-बी सेक्शन शाफ्टच्या अक्षातून उभा जातो. वरच्या बाजूला बॉल व्यवस्थित दिसत होता, खालच्या बाजूला दोन रिंगांच्या मध्ये पोकळी आणि केजचा (बॉल जागेवर धरणाऱ्या कड्याचा) तुकडा. तपासणाऱ्याने लिहिलं, "बॉल राहिला." मीही आधी सप्रेशन (पार्ट तात्पुरता बंद केला आहे का) तपासलं, कॉन्फिगरेशन (पार्टचा कुठला प्रकार निवडला आहे) तपासलं, बेअरिंगचा पार्ट पुन्हा लोड केला. काही फरक नाही. मग बॉल मोजले. ६२०५ बेअरिंग, त्यात ९ बॉल. ९ बॉल म्हणजे दोघांमध्ये ४० अंश. वरच्या बॉलच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, साडेचार अंतरं होतात, म्हणजे तिथे बॉल नसतोच, दोन बॉलांमधली फट असते. सॉफ्टवेअर अक्षरशः खरं दाखवत होतं! विषम संख्येची बेअरिंग असेल तिथे हे दर वेळी होणार.

उपाय दोन. बेअरिंग आयएसओ ८८२६ प्रमाणे सोप्या चिन्हाने दाखवणं, किंवा खालच्या फटीत बॉलचं वर्तुळ स्केच करून हॅचशिवाय ठेवणं. आमच्या ग्राहकाला बॉल दिसायला हवे होते, म्हणून दुसरा घेतला. वरच्या बॉलवर आलेलं हॅच मात्र वेगळ्या तऱ्हेने काढावं लागलं. बॉल आणि रिंगा एकाच पार्टमध्ये असल्याने स्कोपमधून बॉल वगळता येईना, वगळलं तर पूर्ण बेअरिंगच वगळली जाते. हॅचवर क्लिक करून "मटेरियल क्रॉसहॅच"ची खूण काढली, "नन" निवडलं आणि ते फक्त त्या रीजनला, म्हणजे तेवढ्या तुकड्याला, लावलं. प्रतल बॉलच्या केंद्रातून जात असल्यामुळे कापलेला बॉल आणि न कापलेला बॉल, दोघांची बाह्यरेषा तेच वर्तुळ असते. हॅच गेलं की काम झालं.

आता रेघेचं खातं. यात एकच शेरा होता, पण पोटात गोळा आणणारा.

सी-सी सेक्शन तेलाच्या निचऱ्याच्या भोकातून जायला हवा. भोक २० मिमीचं, समोरच्या व्ह्यूत व्यासही २० लिहिलेला. सेक्शनमध्ये मात्र त्याच भोकाला १६ चं माप लागलं होतं. कुठलाही एरर नाही, इशारा नाही, व्ह्यू अगदी शांत. झालं असं होतं की मागच्या रिव्हिजनमध्ये हाउसिंगवरचा एक बॉस (वर आलेला उंचवटा) बदलला, त्याची कड गेली, आणि कटिंग लाइन त्या कडेला बांधलेली होती. आधार गेल्यावर रेघ मोकळी झाली आणि केंद्रापासून ६ मिमी सरकून बसली. केंद्रातून न कापता ६ मिमी बाजूने कापलं तर २० च्या वर्तुळाची जीवा येते १६: दहाच्या वर्गातून सहाचा वर्ग वजा केला की ६४, त्याचं वर्गमूळ ८, दुप्पट १६. माप खोटं नव्हतं, ते जीवेचं माप होतं.

रेघेवर राइट-क्लिक, "एडिट स्केच", तुटलेली रिलेशन (बांधणी) काढून टाकली आणि रेघ भोकाच्या केंद्राला बांधली. फिलेटची (गोल केलेल्या कोपऱ्याची) किंवा चॅम्फरची (तिरप्या कापलेल्या कोपऱ्याची) कड कटिंग लाइनच्या आधाराला कधीच घेऊ नये. रिव्हिजनमध्ये पहिला बळी त्याच कडांचा जातो. भोकाचं केंद्र, अक्ष किंवा मॉडेलचं मूळ प्रतल घ्यावं. आणि भोकाचा व्यास सेक्शनमधल्या दोन रेघांमध्ये मोजून लिहू नये, मॉडेलमधलं माप आणावं. मॉडेलचं माप असतं तर रेघ सरकूनही आकडा २० च राहिला असता. हो, मग रेघ सरकल्याचं कोणाला कळलंही नसतं. दोन्ही बाजूंनी अडचण आहे, पण चुकीच्या आकड्यापेक्षा हे परवडतं.

ए-ए सेक्शनची कटकट वेगळी. हाउसिंग आडवं दोन भागांत विभागलेलं, आणि विभागणीचं प्रतल बरोबर शाफ्टच्या अक्षांतून जातं. सेक्शनही त्याच प्रतलात घेतलेला. म्हणजे कापणारं प्रतल आणि खालच्या हाउसिंगचा वरचा पृष्ठभाग एकावर एक. अशा ठिकाणी कापलं की नुसता स्पर्श केला, हा प्रश्न गणितालाच अडचणीचा. आमच्या व्ह्यूत फ्लॅंजचा (जोडाच्या कडेच्या पट्टीचा) थोडा भाग हॅच झालेला, थोडा कोरा. कोणीतरी सुचवलं की प्रतल ०.०१ मिमी खाली सरकव, सगळं सुरळीत होईल. होतं, आणि अडीनडीला तसं करतातही. पण मग अख्खा जोडपृष्ठ हॅचने भरतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथे भरीव धातू कापला आहे. मी सेक्शनच काढून टाकला. वरचं कव्हर लपवलेला साधा प्लॅन व्ह्यू (वरून दिसणारं चित्र) ठेवला आणि खाली लिहिलं, "वरचं कव्हर काढून". जे दाखवायचं होतं ते सगळं त्यात दिसत होतं.

इथपर्यंत सगळं "ड्रॉइंग दुरुस्ती"च्या रकान्यात बसलं. उरले मोटर आणि जाड रेघ.

मोटरचं मॉडेल पुरवठादाराकडून स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत चालणाऱ्या फाइलप्रकारात) आलेलं. सेक्शनमध्ये तिची बाह्यरेषा दिसे, आत हॅच नाही, जणू पत्र्याचं खोकं. पार्ट उघडला तर फीचरांच्या झाडात (यादीत) "सॉलिड बॉडीज"ऐवजी "सरफेस बॉडीज". आयात करताना काही पृष्ठभागांच्या कडा जुळल्या नव्हत्या, म्हणून घन पदार्थ तयारच झाला नव्हता. पृष्ठभागाला जाडी नसते, तो कापला तर नुसती रेघ मिळते, मग हॅच कुठे भरणार? "इम्पोर्ट डायग्नॉस्टिक्स" चालवलं की सदोष फेस आणि फटी दिसतात, "अटेम्प्ट टू हील ऑल" ने बऱ्याचदा बुजतात. ते आयात केल्यावर लगेच करावं, वर फीचर चढवल्यावर ते चालत नाही. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी पार्ट वर्कबेंचमधलं "चेक जॉमेट्री" आधी चालवावं, टेकड्रॉच्या (त्यातल्या ड्रॉइंग विभागाच्या) सेटिंगशी नंतर झगडावं.

पण फाइल दुरुस्त करण्याचा हक्क माझा नव्हता. खरेदीच्या पार्टची लायब्ररी वेगळ्या विभागाकडे. विनंती टाकली, उत्तर यायला आठवडा गेला, त्यात एकदा "कोणत्या प्रकल्पासाठी?" असं विचारून विनंती परत आली. टीप अशी की विनंतीतच सेक्शनचं चित्र, पार्ट नंबर आणि डायग्नॉस्टिक्सचा स्क्रीनशॉट जोडावा. माझी विनंती पुढे सरकली ती हे जोडल्यानंतरच.

वाट बघता बघता जाड रेघ बघायला घेतली. बी-बी मध्ये स्पेसर (अंतर राखणारं कडं) आणि बेअरिंगची आतली रिंग जिथे भिडतात तिथे एक काळी पट्टी होती. ऑफिसात सगळ्यांचं मत एकच, प्रिंट जाड आली. पीडीएफ नव्याने काढली, तीच पट्टी. स्क्रीनवर खूप झूम केल्यावर दिसलं की ती रेघ नव्हती. दोन समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन दिशांची हॅच एकमेकांवर चढलेली. एका जागी दोन पार्टची हॅच म्हणजे दोन पार्ट एकाच जागेत घुसले आहेत. "इंटरफिअरन्स डिटेक्शन" चालवलं तर लांबच लांब यादी आली. त्यातले बहुतेक बोल्टच्या धाग्यांचे (आट्यांचे). एम१० चा बोल्ट मॉडेलमध्ये पूर्ण १० मिमी, टॅप केलेलं भोक ८.५, म्हणजे सगळीकडून पाऊण मिमी घुसखोरी. धागे खरे कोरलेले नसतात तिथे ही असणारच. ती दुर्लक्षून खाली आलो तर सापडलं: स्पेसर आणि रिंग, ०.४ मिमी. स्केल १:२ म्हणजे कागदावर ०.२, आणि दोन्ही बाजूंना ०.५ च्या बाह्यरेषा. जाड रेघ दिसली नाही तरच नवल.

गिअर, स्पेसर, बेअरिंग, सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी अटकाव-रिंग) अशी ओळ आहे. मॉडेलमध्ये बेअरिंग सर्क्लिपच्या खाचेवरून बसवलेली आणि स्पेसर गिअरवरून, म्हणून दोन्हीकडून आलेले पार्ट मध्ये एकमेकांत घुसले, आणि मॉडेलने त्याबद्दल तक्रार केली नाही. जुळणी करणाऱ्यांना जाऊन विचारलं, "हा स्पेसर नीट बसतो का?" ते म्हणाले, "घासून बसवतो. नाहीतर सर्क्लिप खाचेत जात नाही. पहिल्यापासून तसंच आहे."

म्हणजे हा शेरा डिझाइन बदलाचा. दुसरी चेंज नोट, दुसरा नंबर, सगळ्या सह्या. उत्पादनाने विचारलं, तयार स्पेसर किती पडून आहेत; भांडारातून आकडा आणून द्यावा लागला, आणि ते घासून वापरायचे असा शेरा नोटवर लिहून घेतला गेला. खरेदीने विचारलं, चालू ऑर्डरचं काय. या सह्यांना दुरुस्तीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला. नियम असा की असेंब्लीचं ड्रॉइंग तिच्यातल्या पार्टच्या आधी रिलीज होत नाही, त्यामुळे बाकी सगळं तयार असूनही ते थांबून राहिलं. दोन चेंज नोट वेगळ्या ठेवून असेंब्लीवर दोन्हींचे नंबर टाकावेत, असं चेकर मॅडमनी सुचवलं. पुढे कोणी इतिहास शोधला तर कागदाची चूक आणि डिझाइनची चूक वेगळी कळते.

त्या रिकाम्या वेळात हॅचची साफसफाई केली. दुरुस्त मोटर आल्यावर "ऑटो हॅचिंग" लावलं, म्हणजे शेजारच्या पार्टची दिशा किंवा अंतर वेगळं होतं. एकाच पार्टचे सगळे तुकडे एकाच हॅचचे असायला हवेत, ते मात्र डोळ्यांनी तपासावं लागलं. कव्हरच्या खालची गॅस्केट इतकी पातळ की हॅच ओळखू येईना, तिला पूर्ण काळं भरलं. मोटरच्या ४५ अंशांच्या तिरप्या कडेला हॅच समांतर जात होतं, तिथे कोन ३० केला. मापांच्या आकड्यांवरून हॅच जात असेल तर आकड्याभोवती ते तोडावं. तपासणारा हे सगळ्यात आधी बघतो.

महिनाअखेरीस सह्या पूर्ण झाल्या, ड्रॉइंग रिव्हिजन सी म्हणून गेलं. ग्राहकाकडून एकच शेरा आला, डी-डी वर. शेवटच्या कव्हरला ५ भोकं, पिच सर्कल (भोकांच्या केंद्रांतून जाणारं वर्तुळ) १२० व्यासाचं. "खालचं भोक समोरच्या व्ह्यूत केंद्रापासून ४८.५ वर दिसतं आणि सेक्शनमध्ये ६० वर. दुरुस्त करा." हे दुरुस्त करायचं नव्हतं. ५ भोकांत वरच्या भोकाच्या समोर भोक नसतं, जवळचं भोक उभ्या रेघेपासून ३६ अंशांवर असतं. कटिंग लाइन त्या भोकाकडे वळवून घेतली होती आणि अलाइन्ड सेक्शनमध्ये तो वळलेला भाग फिरवून सरळ दाखवतात, म्हणून खरं अंतर ६० दिसतं. समोरच्या व्ह्यूत त्याचाच उभा प्रक्षेप, ६० गुणिले ३६ अंशांचा कोसाइन, ४८.५. हे चार ओळींत लिहून, कटिंग लाइनवर गोल करून पाठवलं. काही दिवसांनी "मान्य" असा मेल आला. तो मेलही ड्रॉइंगच्या फाइलला जोडून ठेवला, कारण पुढचा तपासणारा हाच प्रश्न विचारणार.

शेवटचं काम जुन्या प्रती परत घेण्याचं. वितरण यादीत ज्यांची नावं होती त्यांच्याकडून रिव्हिजन बी च्या प्रती सही घेऊन गोळा केल्या आणि त्यावर "रद्द" असा शिक्का मारला. यादीत नसलेली एक प्रत जुळणीच्या टेबलावर होती, स्पेसरपाशी पेन्सिलीने "०.४ घासणे" असं लिहिलेली. ती मागून घेतली आणि स्पेसरच्या चेंज नोटला पुरावा म्हणून लावली.